इटलीतला एक प्रांत, ४२ गावं, ४२ महापौर: एवढ्या नगरपालिका हव्यातच का?

पैलतीर

नमस्कार मंडळी. कामानिमित्त काही वर्षं उत्तर इटलीतल्या रेज्जो एमिलिया शहरात राहते आहे. भारतातून येणारे पाहुणे रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस करून जातात. मिलान ते बोलोन्या गाडीत आमचं स्टेशन खिडकीतून मागे पडतं, तेवढीच आमची ओळख. पण इटली आतून चालते कशी हे बघायचं असेल तर असा एखादा प्रांत धरावा आणि त्यातली गावं बघावीत, असं माझं ठाम मत झालं आहे.

रेज्जो एमिलिया प्रांताचं क्षेत्रफळ सुमारे २,२९१ चौरस किलोमीटर, म्हणजे पुणे जिल्ह्याच्या सातव्या हिश्श्याएवढं. लोकसंख्या सव्वापाच लाखांच्या आसपास. उत्तर टोकाला पो नदी, मध्ये सपाट शेतं आणि रोमनांनी इसवी सनापूर्वी १८७ मध्ये बांधलेला व्हिया एमिलिया हा सरळसोट रस्ता, दक्षिणेला आपेनिन डोंगर. एवढ्याशा मुलखात ४२ 'कोमुने', म्हणजे स्थानिक पालिका, आहेत. इथे कायद्याने शहराची महापालिका वेगळी आणि खेड्याची ग्रामपंचायत वेगळी असा भेद नाही. पावणेदोन लाखांच्या आसपास वस्तीचं रेज्जो शहर असो, नाहीतर दोन हजारांहून कमी वस्तीचं डोंगरातलं वेत्तो, दोन्ही कोमुनेच. दोघांना थेट निवडून आलेला महापौर, दोघांची परिषद, दोघांकडे जन्म-मृत्यू-लग्नाची नोंद आणि ओळखपत्र देण्याचा अधिकार.

मी घर बदललं तेव्हा नवीन पत्त्याची नोंद पालिकेत केली. मग पालिकेचा पोलिस खरंच तिथे राहते का ते बघायला घरी आला. दारावरच्या पाटीवर माझं नाव नव्हतं, तेवढं लावून घ्या म्हणाला. त्या क्षणी वाटलं, या गावाच्या लेखी आपण आहोत.

सध्या ऑफिसच्या जेवणाच्या टेबलावर वाद चालू असतो की लहान कोमुने एकत्र करून टाकाव्यात, खर्च वाचेल. माझं मत उलट आहे. प्रत्येक गावाचा स्वतःचा महापौर असणं हीच या देशाची सगळ्यात मोठी ताकद आहे. तुम्हाला काय वाटतं? विशेषतः ज्यांनी आपल्याकडे पंचायतीत, जिल्हा परिषदेत काम केलंय त्यांचं ऐकायला आवडेल.

उगाच

४२ महापौर म्हणजे ४२ वाढदिवस, ४२ फ्लेक्स!

पैलतीर

:) फ्लेक्स नाहीत. तिरंगी पट्टा मात्र असतो. सरकारी समारंभात आणि पालिकेत लग्न लावताना महापौर खांद्यावरून हिरवा-पांढरा-लाल पट्टा घेतो. आणि तो झेंडा आमच्याच शहरातला. ७ जानेवारी १७९७ रोजी नेपोलियनच्या काळातल्या चिस्पादाना प्रजासत्ताकाने हा तिरंगा इथे स्वीकारला. ज्या सभागृहात तो ठराव झाला तिथेच आजही नगरपरिषदेची बैठक भरते.

तालुकाकर

जिल्हा परिषदेत उभी नोकरी गेली, म्हणून लिहितो. आपल्याकडे १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या. ग्रामपंचायती २७ हजारांहून जास्त. संख्येने आपण कुठेच कमी नाही. सरपंच थेट निवडावा की सदस्यांनी, यावर २०१७, २०२०, २०२२ असं तीनदा धोरण फिरलं. ताई, तुमच्या धाग्यातला महत्त्वाचा मुद्दा मला संख्येचा वाटत नाही, अधिकाराचा वाटतो. आमच्या ग्रामपंचायतीकडे निधी येतो तो निम्म्याहून अधिक बंधित. पाण्यावर आणि स्वच्छतेवरच खर्च करा. ठीक, तेही हवंच. पण गावाने ठरवलं की आम्हाला पाळणाघर काढायचंय, तर त्याला पैसा कुठला आणि माणूस कुठला? ग्रामसेवक एक, गावं तीन. सोमवारी आमच्याकडे, मंगळवारी पलीकडे.

तुमच्या त्या वेत्तो गावाकडे किती माणसं पगारावर आहेत? त्यावर उत्तर ठरेल.

पैलतीर

तालुकाकर, नेमकं बोट ठेवलंत. लहान कोमुनेत कर्मचारी बोटांवर मोजण्याइतकेच. पालिकेचा सचिव, म्हणजे कायदेशीर बाजू सांभाळणारा वरिष्ठ अधिकारी, तो इथेही दोन-चार गावांत वाटून घेतलेला असतो. त्याचेही वार ठरलेले! पण पाळणाघर, बालशाळा, म्हाताऱ्यांची घरपोच सेवा, बांधकाम परवाने हे सगळं कोमुनेच्या अखत्यारीत येतं. मोठ्या मुलांच्या शाळांच्या इमारती आणि गावांना जोडणारे काही रस्ते प्रांताकडे.

हिशेबी

मी एकत्रीकरणाच्या बाजूचा. डेन्मार्कने २००७ मध्ये २७१ पालिकांच्या ९८ केल्या, देश बुडाला नाही. इटलीत आजही साधारण ७,९०० आहेत. दोन हजारांच्या गावाला स्वतंत्र संगणक प्रणाली, स्वतंत्र निविदा, स्वतंत्र हिशेबतपासणी कशासाठी? त्या पैशात एक डॉक्टर येईल.

दुसरी गोष्ट. लहान पालिका गिळायला सोपी असते. पैलतीर यांच्याच प्रांतातलं ब्रेशेल्लो बघा, पाचेक हजार वस्तीचं. एप्रिल २०१६ मध्ये तिथली परिषद केंद्र सरकारने बरखास्त केली, कारण कालाब्रियातल्या माफियाची, न्द्रांगेताची, घुसखोरी. हा प्रांत ज्यात येतो त्या एमिलिया-रोमान्या विभागात असं पहिल्यांदाच घडलं. नंतर सरकारने नेमलेले प्रशासक कारभार बघत होते. ओळखीपाळखीचं गाव म्हणजे लोकशाही असं धरून चालू नका. ओळखीपाळखीतूनच बांधकामाचे परवाने निघतात.

वाडीकर

हिशेबी, तुम्ही गट ग्रामपंचायतीत राहिला आहात का हो? आमची कोकणातली वाडी तीन गावांच्या गट ग्रामपंचायतीत. कार्यालय मोठ्या गावात, मतं मोठ्या गावात, त्यामुळे नळयोजना आधी मोठ्या गावात. आमच्याकडे पाणी आलं ते अनेक उन्हाळ्यांनंतर, आणि तेही वाडीतल्या बायकांनी कार्यालयासमोर ठाण मांडलं म्हणून. सदस्य आमचा एक, त्यांचे पाच. कोणी वाईट नव्हतं, सगळे एकमेकांच्या लग्नाला जाणारे. पण ज्याच्या दारात खड्डा नाही त्याला खड्डा दिसत नाही. एकत्रीकरण म्हटलं की मला पहिल्यांदा हे आठवतं.

मिलानकर

वाडीकर +१

ब्रेशेल्लोबद्दल एक भर. पाद्री आणि कम्युनिस्ट महापौर यांच्या सततच्या भांडणावरचे जुने गाजलेले इटालियन चित्रपट याच गावात चित्रित झाले. चौकात दोघांचे पुतळे आहेत. इटलीत 'गावचा महापौर' म्हटलं की कित्येकांच्या डोळ्यांसमोर ब्रेशेल्लोचाच चौक येतो. म्हणून २०१६ ची बातमी लोकांना इतकी लागली.

आणि हो, तिकीट काढताना जपून. रेज्जो दोन आहेत, दुसरं रेज्जो कालाब्रिया. हजारेक किलोमीटर दक्षिणेला, पार बुटाच्या टोकावर.

पायपीट

धाग्याचा विषय राज्यकारभाराचा दिसतोय, पण मला गावं सांगा की! पुढच्या वर्षी जायचा विचार आहे. कानोस्सा याच प्रांतात ना?

पैलतीर

हो हो, त्यासाठी तर मी टपूनच बसले होते.

कानोस्सा डोंगराच्या पायथ्याशी. जानेवारी १०७७ मध्ये सम्राट होऊ पाहणारा जर्मन राजा चौथा हेन्री पोप सातव्या ग्रेगरीची माफी मागायला इथे आला आणि किल्ल्याच्या दाराबाहेर तीन दिवस बर्फात थांबला. किल्ला मातिल्दे या सरदारणीचा, तिनेच मध्यस्थी केली. आज पांढऱ्या खडकावर थोडे अवशेष उरलेत. १२५५ मध्ये किल्ला पाडला तो परक्या सैन्याने नव्हे, रेज्जो शहराच्या लोकांनी. इथे शहर विरुद्ध डोंगर हे भांडण इतकं जुनं आहे. आजच्या कानोस्सा कोमुनेचं कार्यालय मात्र किल्ल्यापाशी नाही, खाली चानो देन्त्सा गावात आहे.

आणखी वर कास्तेलनोवो ने मोंती, तिथे पिएत्रा दि बिस्मांतोव्हा हा भला मोठा सपाट माथ्याचा कातळ, १,०४१ मीटर. सह्याद्रीत फिरणाऱ्याला तो बघताक्षणी चढावासा वाटेल. दान्तेने आपल्या काव्यात त्याचं नाव घेतलं आहे.

पण माझं सगळ्यात आवडतं ग्वाल्तिएरी, पोच्या काठी. साडेसहा हजारांची वस्ती आणि मध्यभागी जवळजवळ शंभर मीटर बाय शंभर मीटरचा चौक, तिन्ही बाजूंनी कमानी, समोर बेन्तिव्होल्यो घराण्याचा वाडा. एवढ्या गावाला एवढा चौक! वाड्याच्या आत एक जुनं नाट्यगृह आहे, वर्षानुवर्षं बंद होतं. गावातल्या तरुण मंडळींनी स्वतः खपून ते साफ केलं आणि २००९ मध्ये पुन्हा उघडलं. प्रेक्षक आणि रंगमंच यांची अदलाबदल केली आहे. आणि हेच ते गाव, जिथे आन्तोनिओ लिगाब्वे हा चित्रकार राहिला. १८९९ मध्ये झुरिकला जन्म, १९१९ मध्ये स्वित्झर्लंडने हाकलून दिलेला, भाषा येत नाही, मानसिक आजार, नदीकाठच्या जंगलात राहून वाघ-सिंह रंगवायचा. १९६५ मध्ये तो इथेच वारला. ज्याला वेडा म्हणून पोरं मागे लागत, त्याची चित्रं बघायला आज लोक मुद्दाम ग्वाल्तिएरीला येतात.

उगाच

खायचं काय ते सांगा. किल्ले नंतर.

दुधगंगा

खाण्याचं मी सांगतो, मी तिथे गेलोय ते दूध बघायलाच. आमच्या कोल्हापूरकडे दूध संघ म्हणजे जीव की प्राण, त्यामुळे पार्मिजानो-रेज्जानो चीज कसं बनतं ते बघायचं होतं. नावातला अर्धा भाग पार्माचा, अर्धा रेज्जोचा. संध्याकाळचं दूध रात्रभर पसरट हौदात ठेवतात, वर आलेली साय काढतात, सकाळचं ताजं दूध त्यात मिसळतात आणि तांब्याच्या कढईत तापवतात. एका चाकाला साडेपाचशे लिटरच्या आसपास दूध लागतं, चाक भरतं चाळीस किलोच्या आसपास, आणि किमान बारा महिने मुरवल्याशिवाय शिक्का नाही. गाईंना मुरघास चालत नाही, नियमच आहे. इथे मुरघासाचे बंकर खोदणाऱ्या आमच्या लोकांना हे पटणार नाही!

मी बघितलेली चीजशाळा सहकारी होती, आसपासच्या शेतकऱ्यांच्या मालकीची. सभासदांची नावं भिंतीवर. आमच्या गावच्या दूध संस्थेत उभा आहे असंच वाटलं.

आणि गोठ्यात कोण भेटलं? पंजाबी. सरदारजींनी मला हिंदीत विचारलं, कुठून आलात.

मिलानकर

हे अगदी खरं. पोच्या खोऱ्यातले गोठे आज मोठ्या प्रमाणात पंजाबी माणसं चालवतात. ऐंशी-नव्वदच्या दशकात यायला लागले. इटालियन पोरांना पहाटेचं दूध काढणं नको होतं, यांना त्याची सवय होती. सणवार नाही, वर्षाचे ३६५ दिवस काम. नोवेल्लाराचा गुरुद्वारा २००० साली सुरू झाला, उद्घाटनाला युरोपीय आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष रोमानो प्रोदी होते. ते याच प्रांतातल्या स्कान्दिआनोचे. एप्रिलमध्ये बैसाखीची मिरवणूक गावातून निघते.

पैलतीर

नोवेल्लाराची पालिका जुन्या गोंझागा सरदारांच्या गढीत आहे. नागरिकत्व मिळालं की शपथ महापौरापुढे घ्यायची असते. माझ्या ओळखीच्या एका पंजाबी कुटुंबाची शपथ मी बघितली आहे. महापौराला मुलांची नावं पाठ होती, धाकटीने कोणत्या शाळेत नाव घातलं तेही ठाऊक होतं. बाप गोठ्यातून थेट आलेला, कोट घालून. मी परक्या माणसांसाठी इतकी कधी रडले नव्हते. हिशेबी, हे मला तुमच्या तक्त्यात कुठे मांडावं ते कळत नाही, पण ते मोजलं पाहिजे असं मनापासून वाटतं.

शाकाहारी_मी

मध्येच एक सूचना. पार्मिजानोमध्ये वासराच्या पोटातलं विरजण, रेनेट, वापरतात. काटेकोर शाकाहारी असाल तर चालणार नाही. एर्बात्सोने नावाची पालेभाजीची पोळीसारखी वडी मिळते, तिच्यातही बऱ्याचदा डुकराची चरबी. विचारूनच घ्या. भोपळ्याचे तोर्तेल्ली, म्हणजे सारण भरलेला पास्ता, मागाल तर त्यातही चीज असणारच.

दुधगंगा

बरोबर. न्योक्को फ्रित्तो दिसायला आपल्या पुरीसारखा, तोही परंपरेने चरबीतच तळलेला. मांसाहारी मंडळींनी मात्र सोडू नये. सोबत गार, फसफसणारी लाल लांब्रुस्को वाइन.

बालवाडी_ताई

मला वेगळं काही सांगायचंय. शिक्षण क्षेत्रात रेज्जो एमिलिया हे नाव जगभर माहीत आहे ते तिथल्या बालशाळांमुळे. पुण्या-मुंबईतही 'रेज्जो पद्धत' अशी पाटी लावलेल्या शाळा आहेत. मी अशा एका शाळेत काम केलं. फी इतकी, की तिथल्या मावशींची मुलं तिथे शिकणं शक्यच नव्हतं. आणि हे मला फार लागतं, कारण मूळ गोष्ट नेमकी उलटी आहे.

एप्रिल १९४५ मध्ये युद्ध संपल्यावर काही दिवसांत रेज्जोजवळच्या व्हिला चेल्ला या वस्तीतल्या लोकांनी जर्मनांनी सोडून गेलेला एक रणगाडा, काही ट्रक आणि घोडे विकले आणि त्या पैशातून लहान मुलांची शाळा बांधायला घेतली. विटा पडक्या घरांच्या, बायकांनी स्वच्छ केलेल्या. लोरिस मालागुत्सी नावाचा तरुण शिक्षक हे ऐकून सायकलने बघायला गेला आणि पुढचं सगळं आयुष्य त्याने त्यात घातलं. तो कोर्रेज्जोचा, याच प्रांतातलं गाव. १९६३ मध्ये रेज्जोच्या पालिकेने स्वतःची पहिली बालशाळा काढली. म्हणजे हे काम पालिकेचं होतं! करातून चाललेलं, गवंड्याच्या आणि डॉक्टरच्या पोराला एकाच खोलीत बसवणारं. आज त्यांचं आंतरराष्ट्रीय केंद्र आहे ते चीजच्या जुन्या गोदामात.

आपण त्यांच्याकडून लाकडी खेळणी आणि आरसे घेतले. पालिका घ्यायची राहिली.

तालुकाकर

बालवाडी_ताई, हा प्रतिसाद छापून अंगणवाडी विभागाच्या प्रत्येक बैठकीत वाचला पाहिजे.

हिशेबी

ताईंचा मुद्दा मान्य, पण नीट बघा, तो माझ्या बाजूचा आहे. बालशाळा काढणारी पालिका रेज्जो शहराची होती, दोन हजारांच्या गावाची नव्हती. ताकद असायला आकार लागतो. आणि प्रांताचं काय? दोन्ही थर कशाला?

पैलतीर

प्रांताची गंमत ऐका. २०१४ च्या ५६ क्रमांकाच्या कायद्याने प्रांतांची थेट निवडणूक बंद झाली. आता प्रांताचा अध्यक्ष आणि परिषद गावोगावचे महापौर आणि नगरसेवक निवडतात, लोकसंख्येप्रमाणे मताला वजन. या कायद्याला देल्रिओ कायदा म्हणतात. ग्रात्सियानो देल्रिओ हे मंत्री होण्याआधी २००४ ते २०१३ रेज्जोचेच महापौर होते. प्रांत राज्यघटनेतूनच काढायचे ठरलं होतं, पण डिसेंबर २०१६ च्या सार्वमतात लोकांनी घटनादुरुस्तीच फेटाळली. त्यामुळे प्रांत उरले, रस्ते आणि शाळांच्या इमारती त्यांच्याकडेच राहिल्या, पण पैसा आटला. डोंगरातल्या रस्त्यावर दरड कोसळली की हे समजतं. थर काढणं कागदावर सोपं असतं.

आता तुमच्या आकाराच्या मुद्द्याकडे. दक्षिणेकडच्या डोंगरातल्या बुझाना, कोल्लान्या, लिगोंक्यो आणि रामिझेतो या चार कोमुने १ जानेवारी २०१६ पासून एक झाल्या, नाव वेन्तास्सो. म्हणून तर प्रांतात ४५ च्या ४२ झाल्या. चारही मिळून वस्ती चारेक हजार, मुलूख मात्र अडीचशे चौरस किलोमीटरच्या वर. एकत्र आल्याबद्दल दहा वर्षं सरकारी अनुदान जास्त. लोकांनी आधी सार्वमत घेतलं होतं, लादलेलं नव्हतं. हे मी प्रामाणिकपणे सांगते, कारण तिथे माणसंच उरली नव्हती.

पण त्याच डोंगरात सुच्चिझो नावाची वाडी आहे, शंभराच्या आत वस्ती. शेवटचं दुकान आणि शेवटचा बार बंद पडल्यावर १९९१ मध्ये लोकांनी सहकारी संस्था काढली. आज तीच संस्था दुकान, बार, खानावळ, मुक्कामाच्या खोल्या चालवते, मेंढ्या पाळते, चीज करते, मुलांना शाळेत पोचवते. इटलीतल्या अशा गाव-सहकारी संस्थांमधली ही सुरुवातीची. बाहेरच्या कुणी येऊन त्यांना सुचवलं नाही.

वाडीकर

हे सुच्चिझो आमच्या वाडीत सगळ्यांना वाचून दाखवणार. आमचं दुकान मागच्या पावसाळ्यात बंद झालं. मुंबईकर मे महिन्यात आणि गणपतीत येतात तेवढाच धंदा. दुकान चालवणाऱ्या काकी म्हणाल्या, आता जमत नाही. सहकारी संस्थेसाठी किती सभासद लागतील, तालुकाकर?

तालुकाकर

किमान दहा, वेगवेगळ्या कुटुंबांतले. नोंदणी तालुक्याला सहायक निबंधकांकडे. कागदपत्रांसाठी मला व्यक्तिगत निरोप करा, मी आता रिकामाच आहे, येऊन बसेन तुमच्यासोबत.

हिशेबी

मी अजूनही म्हणेन की वेन्तास्सोने योग्य केलं. पण सुच्चिझो वाचून एक फरक मला करावा लागतोय. हिशेबतपासणी, निविदा, संगणक हे चार गावांचं एकत्र चालू शकतं. दुकान, शाळेची गाडी, म्हाताऱ्याची विचारपूस हे गावातच राहायला हवं. पालिका एक करताना हे दुसरं कोणाच्या हाती देणार, ते आधी लिहून घेतलं पाहिजे. वाडीकरांच्या नळाचं तेच झालं असणार.

पैलतीर

हे मला मान्य आहे. नदीकाठच्या आठ कोमुनेंनी जवळपास असंच केलंय: बोरेत्तो, ब्रेशेल्लो, ग्वाल्तिएरी, ग्वास्ताल्ला, लुत्सारा, नोवेल्लारा, पोव्हिल्यो, रेज्जोलो. काही सेवा संघ करून एकत्र, महापौर आठच्या आठ. माझं मत तिथेच ठाम आहे. सेवा वाटून घ्या, महापौर मात्र ज्याचा त्याचा राहू द्या.

पायपीट

मंडळी, गाडी न घेता ही गावं होतील का?

पैलतीर

नदीकाठची नक्की. रेज्जोहून लहान गाडी नोवेल्लारावरून ग्वास्ताल्लाला जाते. तिथे पार्मा-सुत्सारा मार्गाची गाडी पकडा, ग्वाल्तिएरी, बोरेत्तो, ब्रेशेल्लो तिघांना स्टेशन आहे, आणि तशीच पुढे पार्माला निघते. रविवारी गाड्या कमी असतात, शनिवार धरा. कास्तेलनोवोला रेज्जोहून बस आहे. सुच्चिझोसाठी मात्र कुणाची तरी गाडी लागेल. माझी आहे. चीजशाळा बघायची तर आदल्या दिवशी फोन करून सकाळी लवकर पोचायचं. दहानंतर कढया धुऊन झालेल्या असतात.